बोकारे साहेबांचा उत्तर पट्टा

ड्रिलिंगच्या साइटवर काम मशीन करतं आणि गप्पा माणसं मारतात. मशीन खाली जात राहतं, आपण वर बसून राहतो. एक पाइप आत गेला की दुसरा जोडेपर्यंत चहा, आणि चहा संपेपर्यंत एक किस्सा. जमिनीतून दगडाचा जो लांब गोल दांडा वर येतो त्याला आम्ही कोअर म्हणतो. तो लाकडी पेट्यांमध्ये ओळीनं मांडतात, वर नंबर टाकतात. किश्शांसाठी मात्र कोणी पेट्या पुरवल्या नाहीत, म्हणून ते सगळे माझ्या डोक्यात साचलेत. बायको म्हणते, "तरीच म्हटलं, मी सांगितलेली भाजी कुठे जाते!"

मी शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्याचा. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं, त्याची आईला अजून लाज वाटते. "लोकेसना पोरे एम.एस्सी. करीसन मास्तर व्हतस, आनि मन्हा पोऱ्या खड्डा खंदस!" नोकरीत कुठे कुठे फिरलो, आणि एक दिवस ऑर्डर आली ती थेट घराशेजारची. लोणखेडा आणि पुरुषोत्तमनगरच्या मधल्या शिवारात कोळसा शोधायचा!

वाचून मी हसलोच. आमच्याकडे ऊस आहे, केळी आहे, पपई आहे. साखर कारखान्याची चिमणी आहे. पण कोळसा? वर तापीनं आणून टाकलेला गाळ, आणि गाळ संपला की बेसाल्ट. लाव्हा थंड होऊन झालेला काळा कातळ. एक थर, त्याखाली दुसरा थर, त्याखाली तिसरा. किती खोल, ते कोणी शेवटपर्यंत पाहिलेलं नाही.

पण बोकारे साहेबांना ते पाहायचं होतं. साहेब नागपूरचे. त्यांचं म्हणणं असं, की सातपुड्याच्या पलीकडे, पूर्वेला, कोळसा आहे हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तोच पट्टा पश्चिमेला सरकत आपल्या तापीच्या खोऱ्यात आलाय, फक्त लाव्हानं त्याला झाकून टाकलंय. साहेब त्याला "उत्तर पट्टा" म्हणायचे. हेड ऑफिसात सगळे "बोकारे पट्टा" म्हणायचे आणि गालात हसायचे.

साहेबांची सगळी नोकरी कोळशात गेली होती. पण ज्या ज्या जागी ते गेले, तिथला कोळसा आधीच दुसऱ्या कोणीतरी शोधलेला. साहेबांनी तो मोजला, नकाशात भरला आणि पुढे गेले. आता रिटायरमेंट तोंडावर आलेली. हेड ऑफिसनं बहुतेक त्यांचं मन राखायला म्हणून एक भोक मंजूर केलं. एकच! ठरलेल्या खोलीपर्यंत जायचं आणि गाशा गुंडाळायचा.

"पाटील," साहेब मला म्हणाले, "एकदा तरी तो मले पहिल्यांदा दिसला पाहिजे ना बे! बाकी काही नाही."

रोज संध्याकाळच्या चहाला नागपूरहून काकूंचा, म्हणजे साहेबांच्या मिसेसचा फोन यायचा. मशीनच्या आवाजानं साहेबांचे कान गेलेले, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला.

"निघाला का हो?"

"नाही अजून."

"बरं. स्वेटर घातला का?"

•

मशीन उभं होतं ते दगाआबांच्या वावरात, पपईच्या बागेला लागून. आबांना आम्ही पहिल्याच दिवशी नीट समजावलं होतं, की हे कोळशासाठी आहे. आबांनी मान डोलावली. पण वावरात मशीन उभं राहतं ते पाण्यासाठी, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. साहेब लोक तोंडानं काहीही म्हणोत!

आबांच्या घरच्यांनी, म्हणजे आजींनी, मशीनला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आणि दुसऱ्या दिवसापासून आबा रोज सकाळी हजर.

"साहेब, पानी लागनं का?"

"आबा, आम्ही कोळसा शोधतोय."

"शोधा ना! कोन नही म्हनस? पन पानी लागनं का?"

आणि एक दिवस लागलं की! बेसाल्टमधल्या एका भेगेतून पाणी असं उसळलं, की आमचा ड्रिलर खेमा पावरा डोक्याला हात लावून बसला. त्याचं काम वाढलं ना! आबांनी मात्र अख्ख्या शिवारात पेढे वाटले. आम्हालाही दिले. साहेबांनी पेढा तोंडात टाकला, पण चेहरा कारल्याचा.

दुसऱ्या दिवशी आबा शहाद्याहून मोटर आणि फिटर दोन्ही घेऊन आले. फिटर भोकाजवळ वाकला, मोटरकडे पाहिलं, पुन्हा भोकाकडे पाहिलं आणि बिडी पेटवली. आमचं भोक मुठीएवढं. कोअर काढायला त्याहून मोठं लागतच नाही. आबांनी स्वतः हात घालून पाहिला, तो मनगटाशीच अडला.

"वा रे साहेब!" आबा म्हणाले. "इतला मोठा मशीन आना, ट्रकभर पाइप आनात, आनि खंदं काय? उंदीरनं बीळ!"

वाटलं, आता काही आबा येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. साहेबांच्या कानाशी लागून हळूच म्हणाले, "साहेब, खाले जाईसन मोठं व्हई का?"

भोक खाली जाताना आणखी बारीक होत जातं. पण साहेबांना ते सांगवलं नाही. म्हणाले, "पाहू ना, आबा."

•

आमच्या धंद्यात दगड चाटतात. हसू नका, खरंच चाटतात! ओला झाल्याशिवाय दगडाचे कण दिसत नाहीत, आणि प्रत्येक वेळी पाण्याची बाटली कोण शोधत बसणार? शिवाय गाळाचा दगड असेल तर जिभेला चिकटतो, तेही कळतं. साहेब तर चाटून झाल्यावर डोळे मिटून क्षणभर थांबायचे. खेमा विचारायचा, "साहेब, आज मीठ बरोबर आहे का?"

त्याच सुमारास माझ्या लग्नाचं चाललेलं. धानोऱ्याकडचं स्थळ. मुलीचे मामा, मुलगा नक्की काय काम करतो ते न सांगता बघून यावं म्हणून, एक दिवस गुपचूप साइटच्या बांधावर येऊन उभे राहिले. आणि नेमका मी तेव्हा कोअरचा हातभर तुकडा दोन्ही हातात धरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मन लावून चाटत होतो.

मामा आल्या पावली परत गेले. घरी जाऊन सांगितलं, "पोऱ्या शिकेल शे, घर चांगलं शे, पन दगड चाटस!"

झालं! घरात बैठक बसली. मुलीच्या आत्यानं निदान केलं, "रक्त कमी व्हई. पोटुशी बाई नही का माती खास?" दोन दिवसांनी मध्यस्थाबरोबर आमच्याकडे लोहाच्या गोळ्यांचं पाकीट आलं. आईनं ते माझ्यासमोर आपटलं आणि म्हणाली, "मास्तर व्हता तं खडू चाटता का?"

तरीही लग्न झालं. मुलीनंच म्हणे हट्ट धरला, की दगड चाटणारा जेवणाला नावं ठेवणार नाही! पण आजही मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, की ती मान वर न करता म्हणते, "जा, एक दगड चाटी या."

•

साहेबांनी नेमकी हीच जागा का निवडली, त्याला एक कारण होतं. हेड ऑफिसातले जुने लोक फार वर्षांपासून सांगत आलेले, की शहाद्याकडे कुठेतरी एका शेतकऱ्याच्या विहिरीत, खणताना, जळका काळा थर लागला होता. कोणी पाहिला, कधी पाहिला, ते कोणालाच धड माहीत नाही. पण साहेबांनी माग काढत काढत विहीर शोधलीच. ती दगाआबांची बुजलेली जुनी विहीर निघाली.

आम्ही बेसाल्टमध्ये बरंच खाली गेल्यावर एकदा साहेब आबांना सहज म्हणाले, "आबा, तुमच्या या विहिरीनं आम्हाला इथे आणलं बरं का! तिच्यातला तो काळा थर..."

"काया थर?" आबा विचारात पडले. मग एकदम हसायला लागले. "अहो साहेब, तठे मन्हा आजानं गुऱ्हाळ व्हतं! वरीसनी वरीस चुलांगण पेटे. राखुंडी आनि काया माती, दुसरं काय?"

चुलांगण म्हणजे गुळाच्या कढईखालची ती मोठी भट्टी. म्हणजे इतकी वर्षं आमचं अख्खं ऑफिस आबांच्या आज्याच्या गुळाच्या राखेवर भरवसा ठेवून होतं!

साहेबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मला म्हणाले, "पाटील, हे नागपूरला नको सांगू बे. तसाही आपला पट्टा त्या विहिरीवर अवलंबून नाही." थोड्या वेळानं स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "खाली आहे तो."

मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली. विहिरीचा आधार गेला होता, खाली बेसाल्टशिवाय काही येत नव्हतं, आणि मंजूर खोली संपत चालली होती. रोज हेड ऑफिसचा फोन, "आज काय?" रोज आमचं उत्तर, "बेसाल्ट." एकदा तिकडचा माणूस म्हणाला, "तुम्ही रेकॉर्डिंगच लावून ठेवा!"

•

बेसाल्टचा कोअर कसा असतो ते डोळ्यांपुढे आणा. काळा, गोल, गुळगुळीत. कधी कधी टोक घासून घासून छान घुमटासारखं होतं. आता श्रावणाचा महिना आणा. आणि मग आजींना आणा.

आजींनी असा एक तुकडा पेटीत पाहिला आणि हातच जोडले. "मन्हा वावरमाईन महादेव निंघना!" आम्ही कोणी जवळ नव्हतो. त्यांना विचारायची गरजही वाटली नाही. वावर त्यांचं, त्यातून निघालेला देव त्यांचा. बांधावरच्या लिंबाखाली ओटा लिंपला, महादेव बसवला, बेल वाहिला. सोमवारी आसपासच्या मळ्यांतल्या बाया तांब्या घेऊन येऊ लागल्या.

आता आमच्या पेट्यांचा नियम असा, की कोअरचा एक इंचही इकडचा तिकडे व्हायचा नाही. खणलेल्यापैकी किती कोअर हाती आला, म्हणजे रिकव्हरी किती, ते त्यावरूनच लिहितात. पेटीवर कोणी नुसतं टेकलं तरी साहेब ओरडायचे. पण लिंबाखालचं दृश्य पाहून ते मला म्हणाले, "आता देवाले परत माग म्हणतो का मले?"

आणि नेमकी तपासणी आली! हेड ऑफिसचे तपासणीवाले साहेब, एकदम कडक, पेटीन् पेटी उघडून बघणारे. त्या पेटीपाशी आले आणि थांबले.

"इथला तुकडा कुठे आहे?"

बोकारे साहेबांनी घसा साफ केला. "सर, त्याची प्रतिष्ठापना झाली आहे."

तपासणीवाले लिंबाखाली गेले. सोमवार होता, बाया बसलेल्या. त्यांनी मुकाट्यानं बूट काढले. तुकडा तपासायचा तर तो ओला करायला हवा, म्हणून माझ्याकडून पाण्याची बाटली घेतली आणि वरून धार धरली. बाया एकमेकींकडे बघून खूश झाल्या. मग त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि गुडघ्यांवर बसून कपाळ दगडाला टेकेल इतके खाली वाकले. आजींनी घंटा वाजवायला सुरुवात केली. सवयीनं तपासणीवाल्यांची जीभही बाहेर आली होती, पण बोकारे साहेबांनी वेळेवर कोपर मारलं म्हणून निभावलं!

उठले तेव्हा आजींनी त्यांच्या हातात नारळ दिला. "साहेब धरमना मानूस शे. पुढला सोमवारे बी या."

जीपमध्ये बसताना त्यांनी एवढंच विचारलं, "बोकारे, मग इथली कोअर रिकव्हरी किती धरायची?"

"शंभर टक्के, सर. फक्त जरा बाजूला."

•

एका रविवारी साहेब म्हणाले, "चल, वर सातपुड्यात जाऊ. कुठे बेसाल्टच्या खालचं काही उघडं पडलेलं दिसते का ते पाहू." खेमाचं गाव धडगावकडे, म्हणून तो वाट दाखवायला. दिवसभर नाले पालथे घातले. मिळाला बेसाल्ट.

संध्याकाळी खेमाच्या चुलत्याच्या ओट्यावर बसलो. म्हातारा बाबा, डोळे अगदी मिश्कील. त्याला मराठी कळायचं, पण बोलायचा पावरीच, आणि खेमा आम्हाला सांगायचा. साहेबांना ऐकणारा भेटला म्हणजे विचारूच नका! त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. इथे कसं घनदाट जंगल होतं, झाडं पडली, दबली, त्यांचा कोळसा झाला, मग वरून लाव्हा आला. बाबा शांतपणे ऐकत होता. शेवटी त्यानं काहीतरी विचारलं.

"बाबा विचारतो," खेमा म्हणाला, "तेव्हा आमचे लोक कुठे होते?"

"तेव्हा माणूस नव्हताच, बाबा. कोणीच नव्हतं."

बाबानं मान हलवली. खेमाशी दोन शब्द बोलला आणि तोंडाला फडकं लावून हसायला लागला. खेमाही हसला.

"काय म्हणाले?"

"म्हणतो, तरीच जंगल टिकलं!"

•

आता खोली थोडीच उरलेली. एका दुपारी खेमानं पाइप वर काढले आणि ओरडला, "साहेब! काळं!" बेसाल्टही काळाच असतो, पण हे काळं वेगळं होतं. मऊ, काजळासारखं, बोटाला लागणारं. साहेब धावत आले. बोटावर घेतलं, डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. दुपारचा कधी फोन करायचे नाहीत, पण त्या दिवशी उभ्या उभ्या केला.

"अगं, निघाला!"

पलीकडे काकू रडायलाच लागल्या. साहेबांनी फोन ठेवला, ते काळं नाकाशी धरलं आणि तसेच उभे राहिले. मीही वास घेतला. ग्रीस! थंड ठेवायला वरून सोडलेलं पाणी खाली पोचलं नव्हतं म्हणून ड्रिलचं बिट, म्हणजे दगड कापणारं टोक, जळलेलं, आणि ग्रीस नि दगडाचा भुगा करपून त्याचा लगदा झालेला. खेमा मान खाली घालून मशीनचे पाने पुसत बसला.

संध्याकाळी फोन आला तेव्हा आम्ही सगळे कपात बघत होतो. साहेबांनी खरं ते सांगून टाकलं.

"असू द्या हो," काकू म्हणाल्या. "मी तरी कोणाला सांगितलंय! फक्त तुमच्या बहिणीला, वरच्या जोशीबाईंना, आणि भाजीवाल्याला. आणि तुमच्या बहिणीनं जावईबापूंना. बस!"

थोडं थांबून त्यांनी विचारलं, "स्वेटर घातला का?"

•

आणि मग तो एकदाचा आला.

अगदी शेवटाकडे, दोन लाव्हांच्या मधली तांबडी माती लागली. ती तशी अधूनमधून लागायचीच. पण तिच्याखालून खेमानं जे बाहेर काढलं, ते पाहून तो यावेळी ओरडला नाही. नुसता बाजूला झाला. वीतभर काळा तुकडा. ना चकाकी, ना कातळाचा कठीणपणा. साहेबांनी चष्मा पुसला, पण तुकड्याला हात लावेनात. मला म्हणाले, "पाटील, तू चाट."

मी चाटला. हातातच कळत होतं, हलका होता, कडेला भुगा होत होता. "साहेब, वजनच नाही हो याला!"

साहेब दगडाकडे बघतच नव्हते. माझ्या काळ्या झालेल्या जिभेकडे बघत होते.

तुकडा उभा चिरून अर्धा लॅबला पाठवला, अर्धा पेटीत ठेवला. त्या संध्याकाळी काकूंचा फोन आला, "निघाला का हो?" आणि साहेब म्हणाले, "नाही अजून." मागच्या वेळचं सगळ्यांना आठवत होतं. लॅबचं उत्तर येईपर्यंत उरलेली खोली खणून झाली. खाली पुन्हा बेसाल्ट, शेवटपर्यंत बेसाल्ट.

मग हेड ऑफिसचा फोन आला. "बोकारे, कोळसाच आहे. लिग्नाइट, म्हणजे कच्चा. पण वीतभर! आणि तुमचा पट्टा वगैरे नाही हो हा. दोन लाव्हांच्या मधे एखादं डबकं असेल, त्यात कुजलेली झाडं. भोक बंद करा, या परत."

"उरलेल्या अर्ध्याचं काय करू?" साहेबांनी विचारलं.

"ठेवा तुम्हाला, आठवण म्हणून!" पलीकडचा माणूस हसला.

त्या संध्याकाळीही काकूंना उत्तर गेलं, "नाही अजून." मला इतकं वाईट वाटलं, की म्हणालो, "साहेब, सांगून टाका ना! निघाला तर आहे." साहेब म्हणाले, "काय सांगू बे? वीतभर?"

शेवटच्या दिवशी खेमानं भोक सिमेंटनं बुजवलं, वर नंबराचा छोटा खांब उभा केला. आजींनी त्यालाही कुंकू लावलं. आबा येऊन खांबापाशी उभे राहिले, पण पाण्याचं काही विचारलं नाही. म्हणाले, "साहेब, आखो एक ठिकाने खंदी दखा ना. मन्हं वावर मोठं शे." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

निरोपाचा चहा आजींकडे होता. बांधावर लोखंडी शेगडी मांडलेली, वर भलं मोठं पातेलं. आजी काटक्या घालणार, एवढ्यात साहेब म्हणाले, "थांबा." पेटीपाशी गेले, तो अर्धा तुकडा घेऊन आले. ज्यांनी कधी कोणाला पेटीवर टेकू दिलं नाही, त्यांनी आपल्या हातानं तो फोडला आणि शेगडीत टाकला.

आम्ही सगळे गोल उभे. आधी नुसता धूर. पिवळट, दाट, नाकात जाणारा.

"वं माय! काय टाकं हाई?" आजी पदरानं डोळे पुसत मागे सरकल्या. "डोया गयात मन्हा!"

साहेब वाकले आणि स्वतः फुंकायला लागले. खेमाही वाकला. फुंकून फुंकून दोघांचे चेहरे काळे झाले. आणि मग खाली एका कोपऱ्यात लाल झालं. साहेब उठले नाहीत, तिथेच उकिडवे बसून राहिले. पाणी आधी कुरकुरलं, मग उकळलं. आजींनी चहा गाळला. आबांनी घोट घेतला, जरा विचार केला, पुन्हा घोट घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. स्पीकरवर.

"निघाला का हो?"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मग कपाकडे.

"निघाला."

"खरंच? की मागच्यासारखा?"

"खरंच."

"किती निघाला?"

साहेबांनी सगळ्यांचे कप मोजले. "इथल्या सगळ्यांचा कपकप चहा झाला."

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. आणि मग हळू आवाजात, "आणि माझा?"

साहेबांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. रुमालाची छोटी पुरचुंडी होती, गाठ मारलेली.

"तुझ्यापुरता बांधून घेतलाय."

आजी डोळे पुसत पुढे आल्या आणि फोनमध्ये ओरडल्या, "बाई, खिडक्या उघड्या ठेव वं! धूर लई व्हस!"